गच्चीवरची सरकती सावली

"थांबवा शूटिंग. खुनी सँडल घालून आलाय."

खडूने असं म्हटल्याबरोबर सगळ्यांनी ढोलच्या पायांकडे पाहिलं. खरंच की! काल जिन्याच्या शॉटमध्ये खुन्याच्या पायांत काळे बूट होते आणि आज तोच खुनी तपकिरी सँडल घालून गच्चीवर उभा होता.

"बाबांचे बूट चावतात गं," ढोल रडवेला होऊन म्हणाला. "टाचेला हा एवढा फोड आलाय. खुन्यांना फोड येत नाहीत का?"

"येतात. पण ते जिना चढता चढता बूट बदलत नाहीत. जा, घालून ये."

ढोल पाय आपटत खाली गेला. तो कुजबुजला तरी शेजारच्या घरात ऐकू जायचं, म्हणून त्याचं नाव ढोल. एवढ्या दणदणीत आवाजाचा खुनी आयता मिळाला म्हणून भिंगरीने त्याला घेतलं आणि मग पंडितने सांगितलं की आपला खुनी एक शब्दही बोलणार नाही. ढोल त्या दिवसापासून रुसलेलाच होता.

सुट्टीतल्या चित्रपट शिबिरात ताईंनी प्रत्येक गटाला एकच काम दिलं होतं. एका थ्रिलरची सुरुवात करायची. अख्खा सिनेमा नको, फक्त पहिली दोन मिनिटं. पण ती अशी हवीत की बघणाऱ्याला खुर्चीतून उठू देणार नाहीत. बाकीच्या गटांनी भुताचे मुखवटे आणि लाल शाई आणली. या चौघांनी आणली त्यांच्या इमारतीची गच्ची.

दिग्दर्शक अर्थातच भिंगरी. ती एका जागी दोन मिनिटं उभी राहिली तर आई तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायची. कॅमेरा, म्हणजे आत्याचा जुना मोबाइल, पंडितकडे. थ्रिलरचे सगळे नियम त्याला पाठ होते आणि ते कुणी विचारलं नाही तरी तो सांगायचा.

"चेहरा दाखवायचा नाही," तो आत्ताही बोटांवर मोजत सांगत होता. "बूट दाखवायचे, हात दाखवायचा, किल्ली दाखवायची. चेहरा दिसला की भीती संपली."

"ढोलचा दिसला तर हसूच येईल," भिंगरी म्हणाली.

"मग, आवाज आधी, वस्तू नंतर. मग, रोजचीच वस्तू, पण जराशी चुकलेली. खुर्ची असते तिथे नसते, बंद केलेलं दार उघडं असतं. तेवढ्यानेच पोटात गोळा येतो. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे बघणाऱ्याला आधी कळलं पाहिजे, गोष्टीतल्या माणसाला नंतर. समज, एक मुलगी मजेत झोका घेतेय आणि दोर तुटत आलाय हे फक्त आपल्याला दिसतंय. ओरडावंसं वाटतं ना, अगं, उतर खाली? तेच थ्रिलर."

"झालं?"

"अजून एक. प्रत्येक थ्रिलरमध्ये एक माणूस असतो, जो शेवटपर्यंत म्हणत राहतो, काही झालेलं नाही, उगाच घाबरू नका. तो आपल्याला अजून मिळालेला नाही."

"मिळेल," भिंगरी म्हणाली आणि गच्चीला एक चक्कर मारून आली.

आता राहिली खडू. तिच्याकडे सगळ्यात किचकट काम होतं, कंटिन्युइटीचं. म्हणजे काल अर्धवट राहिलेला शॉट आज पुढे नेताना कालचं सगळं आज जसंच्या तसं हवं. बाही वर दुमडलेली असेल तर दुमडलेलीच, बादली डावीकडे असेल तर डावीकडेच. खडू प्रत्येक वस्तूभोवती खडूने रेघ आखून ठेवायची. तिच्या बोटांना, फ्रॉकला, नाकाला, सगळीकडे पांढरं लागलेलं असायचं. "तू एक दिवस आम्हालाही आखून ठेवशील," असं ढोल म्हणायचा, आणि त्यावर ती "नीट उभा राहिलास तर" असं सांगायची.

आजच्या शॉटमध्ये सगळ्यात महत्त्वाची होती सावली. गच्चीच्या मागच्या कठड्याजवळ उंच लोखंडी स्टँडवर पाण्याच्या दोन टाक्या शेजारी शेजारी बसवलेल्या होत्या. दुपारी त्यांची सावली फरशीवर अशी पडायची की वाटावं, लांब पायांचा कुणी दोन डोक्यांचा प्राणी उभा आहे. खुन्याचे बूट चालत येणार, बरोबर त्या सावलीच्या कडेला थांबणार आणि मग सिनेमाचं नाव येणार. सावली रोज सारखी हवी, म्हणून शॉट रोज एकाच वेळी घ्यायचा असं ठरलं होतं. समोरच्या कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला की कॅमेरा सुरू. काल पहिल्यांदा भोंगा झाला तेव्हा खडूने सावलीच्या कडेला रेघ आखली होती. शॉट मात्र वाया गेला, कारण थांबायच्या ऐन क्षणी खुन्याला शिंक आली.

ढोल बूट घालून लंगडत वर आला. भोंगा झाला.

"चल," भिंगरी म्हणाली.

टॉक, टॉक, टॉक. बूट आले, रेघेवर थांबले. पंडित मान वर न करता म्हणाला, "ढोल, सावलीच्या कडेला थांब ना. तू बाहेर उन्हात उभा आहेस."

"मी रेघेवरच आहे."

सगळे वाकून बघू लागले. बूट रेघेवर होते, पण सावली रेघेवर नव्हती. ती चांगली दोन बोटं पलीकडे, मागच्या कठड्याच्या बाजूला सरकली होती.

"तू रेघच चुकवलीस," ढोलला आनंद लपवता आला नाही. "माझे सँडल काढतेस काय?"

"मी चुकवलेली नाही."

"मग सावलीने चुकवली?"

खडूचे कान लाल झाले. तिला कुणी काळी म्हणा, खडूस म्हणा, चालायचं. पण तिची रेघ चुकली असं म्हटलेलं तिला अजिबात सहन होत नसे. ती तिथेच फतकल मारून बसली आणि विचार करू लागली.

"सूर्यसुद्धा रोज थोडा थोडा सरकतो," पंडित समजूत काढत म्हणाला.

"सरकतो ना? मग सगळ्यांच्याच सावल्या सरकतील," खडू म्हणाली. कपडे वाळत घालायच्या दोरीचा खांब टाकीजवळच उभा होता. तिने त्या खांबाच्या सावलीच्या टोकालाही एक रेघ आखली आणि टाकीच्या सावलीला नवी रेघ आखली. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी भोंगा व्हायच्या आधीच चौघेही फरशीवर पालथे पडले होते. भोंगा झाला. खांबाची सावली आपल्या रेघेवर अगदी गुपचूप बसली होती. टाकीची सावली आणखी दोन बोटं पुढे गेली होती.

ढोल, त्याला जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे सूर्य नाही."

"सूर्य नाही," खडू म्हणाली. "टाकी सरकतेय."

"जवळ जाऊ नका कुणी," भिंगरी म्हणाली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः जागच्या जागी उभी राहिली. पंडितने शूटिंग चालू ठेवून मोबाइलमधून स्टँडचे पाय मोठे करून पाहिले. पायांना नवा कोरा चंदेरी रंग लावलेला होता. पण मागच्या एका पायाच्या बुडाशी त्या रंगाचे पापुद्रे सुटले होते, आत गंजलेलं लालसर लोखंड दिसत होतं आणि पायाखालची फरशी तडकली होती. टाकीतून खाली जाणारा पाइपही ताणल्यासारखा वाकला होता.

"रोजचीच वस्तू, पण जराशी चुकलेली," पंडित पुटपुटला. या वेळी त्याला नियम सांगताना मुळीच मजा वाटली नाही.

खडू मात्र स्टँडकडे बघत नव्हती. ती कठड्यापाशी, टाकीपासून लांबच्या कोपऱ्यात जाऊन खाली वाकली होती. टाकी ज्या बाजूला कलत होती त्या बाजूला, अगदी खाली, पत्र्याचं एक हिरवं छप्पर होतं. तिच्या मावशीचं पाळणाघर. आत्ता या वेळी तिथे सगळी पोरं गाद्यांवर झोपलेली असणार, आणि भिंतीकडून पहिल्या गादीवर तिचा तीन वर्षांचा भाऊ टिंबू, एक पाय उशीवर टाकून.

"सेक्रेटरीकाकांकडे चला," ती म्हणाली आणि जिन्याकडे धावत सुटली.

सेक्रेटरीकाका इमारतीच्या ऑफिसात बसले होते. एका हातात किल्ल्यांचा जुडगा, दुसऱ्या हातात फोन. माणूस तसा वाईट नव्हता. मुलांना गच्ची वापरायला त्यांनीच दिली होती, अर्थात सिनेमात आपलं नाव मोठ्या अक्षरांत यावं या अटीवर. एवढंच नाही, शनिवारी दुपारी इमारतीची बैठक होती, तिथे मुलांचा सिनेमा सगळ्यांना दाखवायचा असंही त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. प्रोजेक्टरसुद्धा तेच आणणार होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "अरे बाळांनो, पृथ्वी फिरते. म्हणून सावली सरकते. भूगोल शिकवत नाहीत का आता?"

"मग खांबाची का नाही सरकली?" खडूने विचारलं.

काकांनी डोकं खाजवलं. तेवढ्यात फोन वाजला. "हां, बोला... नाही हो, पाणी आता भरपूर. एकाच्या जागी दोन टाक्या बसवल्या ना मी. स्टँड तोच ठेवला, रंग दिला, नवाच्या नवा दिसतो." फोन ठेवून ते मुलांकडे वळले. "ऐकलंत? आत्ताच रंग दिलाय. काही झालेलं नाही, उगाच घाबरू नका."

पंडितने भिंगरीच्या पोटात कोपर मारलं. तो माणूस मिळाला होता.

"आणि काही तरी वेडंवाकडं करून बसाल, म्हणून आजपासून गच्चीला कुलूप," काका म्हणाले. जुडग्यातली एक किल्ली त्यांनी खिशात टाकली.

त्या संध्याकाळी चौघांनी आपापल्या घरी सांगून पाहिलं. भिंगरीची आई म्हणाली, काकांना सांगितलंत ना, मग झालं. ढोलचे बाबा म्हणाले, आधी माझे बूट परत दे. पंडितची आत्या कामावरून थकून आली होती, ती म्हणाली, रविवारी बघू. आणि मावशी, जिच्या डोक्यावरच ती टाकी होती, ती टिंबूचं नाक पुसत म्हणाली, "सेक्रेटरींनी बघितलंय ना गं? त्यांना कळत नसेल का?"

"त्यांनी बघितलेलं नाही, मावशी. त्यांनी फक्त ऐकलंय."

"बरं बरं, मी बोलेन त्यांच्याशी," मावशी म्हणाली. तिच्या कडेवर एक पोर रडत होतं आणि दुसरं पदर ओढत होतं.

खडू जिन्यात येऊन बसली. एरवी ती रडत नसे, पण आता डोळे भरून आलेच. "सगळे म्हणतात, दुसरा कुणीतरी बघेल. आणि टिंबू तिथे झोपतो."

ढोल तिच्या शेजारी बसला. त्याने खिशातून अर्धं चॉकलेट काढून दिलं. त्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट होती.

"आपण त्यांना सांगत बसलो, तिथेच चुकलं," खडू चॉकलेट चघळत एकदम म्हणाली. "पंडित, तो तुझा मोठा नियम काय होता? झोक्याचा?"

"बघणाऱ्याला आधी कळलं पाहिजे, गोष्टीतल्या माणसाला नंतर."

"मग शनिवारी बघणारे कोण आहेत? अख्खी इमारत!"

भिंगरी ताडकन उठली. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. "गच्चीला कुलूप आहे, पण शूटिंग आपल्याकडे आहे. रोजचं, रोजच्या भोंग्याचं. खाली पाळणाघरात शूटिंग करायला कुणाची ना नाही. खुनी काढून टाका."

"म्हणजे मी नाही?" ढोल म्हणाला.

"तुझे बूट आहेत."

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. पंडितने अंगणात उभं राहून कठड्यापासून पत्र्यापर्यंत कॅमेरा उतरवला, मग मावशीकडे जाऊन झोपलेल्या पोरांचं शूटिंग केलं, अगदी खालून, जमिनीवर मोबाइल ठेवून, म्हणजे छप्पर उंच आणि जड वाटेल. ढोलने पत्र्यावर टपटप पडणारं पाणी, ताणलेल्या लोखंडाचं कुरकुरणं आणि सावकाश पावलांचा आवाज, सगळे आवाज तोंडाने काढले, आणि ते इतके झकास निघाले की त्याचा रुसवाच पळाला. खडूने फक्त शॉट एकामागून एक लावले. या वेळी तिला काहीच जुळवायचं नव्हतं. जे जुळत नव्हतं तेच दाखवायचं होतं.

शनिवार उजाडला, आणि खडूच्या मनात वेगळीच भीती उभी राहिली. बैठक दुपारची, म्हणजे पोरांच्या झोपेच्या वेळची. सगळे मोठे इकडे हॉलमध्ये सिनेमा बघत असताना टाकी पडली तर? ती सरळ मावशीकडे गेली.

"मावशी, आज आम्हाला कलाकार कमी पडताहेत. सिनेमा झाल्यावर सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवायच्या आहेत. त्यांना हॉलमध्ये घेऊन ये ना. गाद्यासुद्धा आण, तिथेच झोपतील."

"टाळ्या वाजवायला माझी पोरं?" मावशी हसली. "चांगलंच डोकं चालतं गं तुमचं. बरं, आणते. गाद्या कशाला आणि? सतरंजी आहे तिथे."

अशा रीतीने पाळणाघर रिकामं झालं, आणि ते का झालं हे मावशीला कळलंसुद्धा नाही.

हॉल भरला. सेक्रेटरीकाका इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले होते. मागे सतरंजीवर पोरं लोळत होती. भिंगरीने पडदे ओढले. अंधार झाल्याबरोबर ढोलने खडूचा दंड घट्ट धरला.

पडद्यावर आधी काहीच दिसलं नाही. फक्त आवाज आला. टॉक, टॉक, टॉक. मग बूट दिसले. जिना चढणारे, कुणाचे ते माहीत नसलेले. काकू लोकांनी खुर्च्या जवळ ओढल्या. मग कारखान्याचा भोंगा झाला, आणि फरशीवर दोन डोक्यांची सावली दिसली. तिच्या कडेला पांढरी रेघ होती.

पुन्हा भोंगा. तीच सावली, तीच रेघ, पण सावली रेघेच्या पलीकडे.

"ही आपलीच गच्ची आहे की," कुणीतरी म्हणालं.

पुन्हा भोंगा. खांबाची सावली रेघेवर. टाकीची सावली आणखी पलीकडे. लोखंडाचा एक पाय, सोललेला चंदेरी रंग, तडकलेली फरशी. आवाज नाही, काही नाही. हॉलमध्ये पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. कॅमेरा कठड्यावरून हळूहळू खाली उतरला, एकेक मजला, एकेक खिडकी, आणि पत्र्याच्या हिरव्या छपरावर येऊन थांबला.

मग छपराच्या आत. गादीवर एक छोटा मुलगा, पाय उशीवर टाकून झोपलेला. तो झोपेत हसला. वर कुठेतरी लोखंड कुरकुरलं.

पडदा काळा झाला. त्यावर नाव आलं, "काही झालेलं नाही".

टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. मावशी उठून उभी राहिली होती. "हा आपला टिंबू आहे," ती म्हणाली. "ही... हे खरं आहे का गं?"

"खरं आहे, मावशी. एकही शॉट खोटा नाही. फक्त कुरकुर ढोलची आहे."

"तरी मी म्हणतो, पृथ्वी..." सेक्रेटरीकाका बोलायला लागले. पण इतकी माणसं एकदम त्यांच्याकडे वळली की वाक्य तोंडातच राहिलं. भिंगरीची आई म्हणाली, "किल्ली काढा."

अर्धी इमारत जिना चढून गेली. काकांनी कुलूप उघडलं. स्टँड जवळून पाहायची गरजच पडली नाही. दारातूनच दिसत होतं, टाक्या मागच्या बाजूला झुकल्या होत्या. परवापेक्षा कितीतरी जास्त. पंडितची आत्या, जी रविवारी बघणार होती, तिने हात आडवे करून सगळ्यांना दारातच थोपवलं. "कुणी पुढे जायचं नाही. भरलेल्या आहेत दोन्ही. एवढं वजन त्या गंजक्या पायावर."

"क्रेन बोलवा," कुणी म्हणालं. "पाइप तोडा," दुसरं कुणी म्हणालं. तिसरा म्हणाला, "आधी बैठक घेऊ."

"नळ!" खडू ओरडली. "घरातले सगळे नळ सोडा! टाक्या खालूनच रिकाम्या होतील!"

इतकी सोपी गोष्ट आपल्याला सुचली नाही हे मोठ्या माणसांना पटायला वेळ लागला. मुलांना तेवढा वेळ नव्हता. भिंगरी एका बाजूच्या घरांची दारं वाजवत सुटली, पंडित दुसऱ्या बाजूची. आणि ढोल? ढोल जिन्याच्या मधोमध उभा राहिला, छाती भरून श्वास घेतला आणि ज्या आवाजावर इतके दिवस बंदी होती तो मोकळा सोडला.

"नळ सोडा! सगळे नळ सोडा! स्वयंपाकघरातला, न्हाणीघरातला, सगळे!"

इमारतीत असा आवाज कधी घुमला नव्हता. दारं उघडली, नळ उघडले. बादल्या भरल्या, पातेली भरली, पिंपं भरली, झाडांच्या कुंड्या वाहू लागल्या. एक आजोबा दाढी करता करता अर्ध्या फेसाने बाहेर आले आणि "कोण आलंय?" विचारून परत आत नळ सोडायला गेले. जिन्यातून पाण्याचे ओघळ वाहू लागले, आणि पाणी सांडलं म्हणून एरवी भांडणाऱ्या शेजारणी आज एकमेकींना विचारत होत्या, "तुझा जोरात येतोय ना?"

सेक्रेटरीकाका खालच्या अंगणातला बागेचा नळ सोडून उभे होते. त्यांचा इस्त्रीचा सदरा ओलाचिंब झाला होता. त्यांनीच ओरडून सांगितलं, "मागच्या अंगणात कुणी येऊ नका रे," आणि या वेळी सगळ्यांनी त्यांचं ऐकलं.

नळांची धार बारीक झाली, मग थेंब थेंब. आणि तेवढ्यात वरून आवाज आला. ढोलने काढलेल्या आवाजासारखाच, पण खूप मोठा. स्टँडचा तो पाय दुमडला. दोन्ही टाक्या कठड्यावर येऊन आदळल्या, पण रिकाम्या होत्या म्हणून तिथेच अडकून राहिल्या. कठड्याच्या काही विटा मात्र निखळल्या आणि हिरव्या पत्र्यातून आरपार गेल्या.

धूळ बसल्यावर मावशीने पाळणाघराचं दार ढकललं. पत्र्याला भगदाड पडलं होतं, त्यातून ऊन आत येत होतं. भिंतीकडच्या पहिल्या गादीवर, उशी होती तिथे, विटा पडल्या होत्या.

मावशी वळली, हॉलमध्ये गेली, सतरंजीवर झोपलेल्या टिंबूला उचललं आणि त्याला छातीशी धरून तिथेच खाली बसली. मग तिने दुसरा हात पुढे केला आणि खडूला ओढून कुशीत घेतलं. "टाळ्या वाजवायला कलाकार हवेत काय गं?" ती रडत रडत म्हणाली. "लबाड कुठली."

संध्याकाळी सगळी इमारत अंगणात जमली. कौतुक करायला जो तो पुढे येत होता. भिंगरीच्या आईने चौघांच्याही पाठीवरून हात फिरवला. ढोलचे बाबा म्हणाले, "ते बूट आता तूच ठेव." पंडितच्या आत्याने त्याला नवा मोबाइल नाही, पण जुना कायमचा देऊन टाकला. शेवटी सेक्रेटरीकाका उभे राहिले.

"मुलांनी मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी रंग बघितला, लोखंड बघितलं नाही. माझी चूक आहे. आणि मुलांनो, सिनेमातून माझं नाव काढून टाका. त्या नावाची लाज वाटते मला."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. "काढणार नाही," भिंगरी म्हणाली. "उलट तुम्हाला एक भूमिका द्यायची आहे. मोठी आहे. एकच वाक्य आहे."

म्हणून, टाक्या उतरवून झाल्या, कठडा नवा बांधला गेला, आणि शिबिराचा शेवटचा दिवस जवळ आला तेव्हा सेक्रेटरीकाका गच्चीवर कॅमेऱ्यासमोर उभे होते. त्यांचा चेहरा दिसणार नव्हता, फक्त किल्ल्यांचा जुडगा. त्यांना म्हणायचं होतं, "काही झालेलं नाही, उगाच घाबरू नका." पण दर वेळी "काही" म्हणून झालं की त्यांची नजर टाक्यांच्या रिकाम्या जागेकडे जायची आणि वाक्य तिथेच अडखळायचं. शेवटी पंडितने ठरवलं की तसंच ठेवू या. अडखळलेलं वाक्यच जास्त भीतीदायक वाटतं.

"पण एक घोळ आहे," भिंगरी म्हणाली. "आधीच्या शॉटमध्ये दोन टाक्यांची सावली आहे. आता इथे सावलीच नाही. खडू, कसं जुळवायचं?"

सगळ्यांनी खडूकडे पाहिलं. सावली नसलेल्या फरशीवर तिच्या पांढऱ्या रेघा अजून तशाच होत्या, एकीपुढे एक सरकत गेलेल्या. आणि त्या रेघांच्या मधोमध टिंबू बसला होता. त्याने तिच्या खिशातला खडू कधी पळवला कुणास ठाऊक, पण तो त्याच रेघांवर मन लावून गिरगोट्या काढत होता. एक गोल, एक चौकोन, आणि एक बहुधा हत्ती.

ढोलने श्वास रोखला. खडूच्या रेघेला हात लावला की काय होतं, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"नाही जुळणार," खडू म्हणाली. "राहू दे."

ती टिंबूजवळ बसली आणि त्याच्या हत्तीला शेपूट काढून दिलं.